ऑइल बर्नर, लाल बटण आणि 45 सेकंद

तळघरवासी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये वुस्टरजवळ जुनं घर घेतलंय. इथे अजून बऱ्याच घरांचं हीटिंग तेलावर चालतं, आमचंही तसंच. तळघरात 275 गॅलनची टाकी, शेजारी बॉयलर, बॉयलरच्या पोटाला लावलेला बर्नर आणि बर्नरवर एक करडा डबा. डब्यावर लाल बटण.

परवा पहाटे घर गार पडलं. डब्यावरच्या सूचनेप्रमाणे बटण दाबलं, घरघर सुरू झाली, तासाभरात रेडिएटर तापले. काल रात्री पुन्हा तोच प्रकार. शेजारचे आजोबा म्हणतात, "बंद पडलं की दाबत राहायचं, सगळ्यांचंच असं असतं." सर्व्हिसवाला गुरुवारी येणार आहे. तोवर समजून घ्यायचंय की हा डबा नेमकं बघतो काय, आणि कशावरून बंद करतो? मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे सोपं करून सांगा.

धुराडं

आजोबांचं ऐकू नका. बाकीचं निवांत सांगतो.

मी उभी हयात बॉयलर हाउसमध्ये काढली, अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात. आमच्या बर्नरपुढे तुमचा म्हणजे खेळणं, पण पोटातली अक्कल तीच.

थर्मोस्टॅटने उष्णता मागितली की डबा आधी फोटोसेलकडे, म्हणजे उजेड ओळखणाऱ्या त्याच्या डोळ्याकडे बघतो. अंधार आहे का? असला तरच पुढे जायचं. बर्नर बंद असताना सेलला उजेड दिसतोय याचा अर्थ सेल शॉर्ट झालाय किंवा आत काहीतरी जळतंय. दोन्हीत सुरू करणं धोक्याचं, म्हणून डबा मोटरला हातच लावत नाही.

अंधाराची खात्री पटली की मोटर फिरते. एकाच मोटरवर हवेचा पंखा आणि तेलाचा पंप, दोन्ही. त्याच क्षणी इग्निशन ट्रान्सफॉर्मर 120 व्होल्टचे 10,000 करतो आणि दोन इलेक्ट्रोडच्या टोकांत ठिणगी सुरू होते. टोकांमधलं अंतर जेमतेम 4 मिमी. पंप 100 पीएसआय, म्हणजे आमच्या भाषेत चौरस सेंटिमीटरला 7 किलो दाबाने तेल नोझलमधून सोडतो. नोझलचं भोक केसाएवढं, आत तिरक्या खाचा. तेल गरगरत बाहेर पडतं आणि शंकूच्या आकाराचं धुकं तयार होतं.

सगळी मेख त्या धुक्यात आहे. पंपाचा स्टोव्ह ज्यांनी पेटवलाय त्यांना वेगळं सांगायला नको. बर्नर तापायच्या आधी पंप मारला की रॉकेलची धार उडते आणि पिवळा भडका होतो. नीट तापला की तेच रॉकेल निळं, घोंघावत जळतं. इथे तापवण्याच्या जागी दाब आहे, एवढाच फरक. धुकं बारीक असेल आणि हवा पुरेशी असेल तर ठिणगी लगेच धरते. पंख्याच्या वाऱ्याने ठिणगी पुढे वाकते आणि धुक्याच्या कडेला चाटते. इलेक्ट्रोडची टोकं मात्र धुक्यात बुडलेली नकोत, नाहीतर त्यांच्यावर कार्बन चढतो आणि ठिणगी भलतीकडेच पडायला लागते.

आणि हे सगळं सुरू झाल्याच्या क्षणापासून डब्याचं घड्याळ चालू असतं. जुन्या करड्या डब्यात 45 सेकंद. तेवढ्यात सेलला ज्योत दिसली तर ठीक, नाहीतर मोटर, ठिणगी सगळं बंद. मग माणसाने येऊन बटण दाबेपर्यंत डबा हलत नाही. यालाच लॉकआउट म्हणतात. आमची पोरं "ट्रिप झाला" म्हणायची.

सोनचाफा

छान समजावलंत काका. पण 45 सेकंद मोजतो कसा? त्या जुन्या डब्यात चिप तर नसणार.

धुराडं

नसतेच. आत दोन धातूंची चिकटवलेली पट्टी असते आणि तिच्याशेजारी छोटा हीटर. बर्नर सुरू झाला की हीटरमधून करंट जातो, पट्टी तापून वाकायला लागते. पुरेशी वाकली की स्विच सुटतो आणि बर्नर ट्रिप. ज्योत वेळेत दिसली तर सेलच्या सर्किटमुळे हीटरचा करंट दुसरीकडे वळतो, पट्टी गार होते, गाडी पुढे चालू. घड्याळ म्हणजे फक्त उष्णता. म्हणूनच व्होल्टेज कमी असेल तर ते थोडं मागे पडतं. आणि ट्रिप झाल्याझाल्या बटण दाबलं तर स्विच बसत नाही, पट्टी निवायला काही मिनिटं द्यावी लागतात. नव्या डब्यांत मायक्रोप्रोसेसर आहे, तिथे सेकंद म्हणजे सेकंदच.

त्रैराशिक

गणित करून बघितलं. घरगुती नोझल समजा ताशी 0.75 गॅलनचं. म्हणजे ताशी 2.84 लिटर, सेकंदाला साधारण 0.79 मिली. 45 सेकंद ज्योतीविना फवारलं तर 35 मिली तेल भट्टीत. एकदा ठीक आहे. आजोबांच्या सल्ल्याने दहा वेळा दाबलं तर 350 मिली. शिवाय नोझलवर छापलेला आकडा 100 पीएसआयचा असतो. पंप 140 वर लावला असेल तर दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात प्रवाह वाढतो, म्हणजे वर 18 टक्के आणखी.

मेनकर

त्रैराशिकभाऊंनी बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंय. मी अमेरिकेतल्या मेन राज्यात राहतो. इथे निम्म्याहून जास्त घरं तेलावर तापतात, त्यामुळे हिवाळ्यात बार्बरच्या दुकानातसुद्धा बर्नरच्याच गप्पा.

ते 350 मिली तेल कुठे जातं? भट्टीच्या तळाशी आणि रिफ्रॅक्टरीत, म्हणजे आतल्या उष्णतारोधक अस्तरात मुरतं. भट्टी गरम असेल तर त्याची वाफ होते. मग शेवटच्या वेळी ठिणगी लागते आणि सगळं एकदम पेटतं. बॉयलरच्या दारातून, धुराच्या पाइपच्या सांध्यांतून काजळीचा लोट घरभर. पफबॅक म्हणतात याला. भिंती, पडदे, कपाटातले कपडे, सगळ्यावर तेलकट काळा थर. जोर जास्त असला तर पाइप निखळतो.

म्हणून नियम असा की बटण एकदाच. पुन्हा ट्रिप झालं तर तळघराच्या जिन्याच्या तोंडाशी लाल प्लेटचा इमर्जन्सी स्विच असेल, तो बंद करायचा आणि माणूस बोलवायचा. आत तेल साचून जळतंय असं दिसलं तर स्विच बंद, दार उघडायचं नाही, थेट 911.

नव्या कंट्रोलमध्ये हाच विचार पुढे नेलाय. मोटर आणि ठिणगी आधी 15 सेकंद चालतात, तेलाचा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारी झडप, त्यानंतर उघडतो. तोवर पंखा पूर्ण वेगात, चिमणीचा ओढा बसलेला, पंपाचा दाब भरलेला. ज्योतीसाठीची मुदतही बऱ्याच मॉडेलमध्ये 15 सेकंदच. त्याच नोझलने हिशोब केलात तर 12 मिली. काही मॉडेलमध्ये लागोपाठ तीन लॉकआउट झाले की साध्या दाबण्याने ते उठतच नाही, तंत्रज्ञाला बटण बराच वेळ धरून ठेवावं लागतं. बटण दाबत बसणाऱ्या आजोबांसाठीच केलेली सोय!

सोनचाफा

वाचतेय, मजा येतेय. ज्योत "दिसते" म्हणजे काय पण? तापमान का नाही मोजत?

मेनकर

आधी तेच मोजायचे. आमच्या गावात एका जुन्या घरात धुराच्या पाइपवर बसवलेला स्टॅक रिले अजून आहे. त्याची धातूची गुंडाळी पाइपच्या आत शिरलेली असते. धूर तापला की गुंडाळी पिळते आणि संपर्क बदलतो. अडचण अशी की लोखंड तापायला वेळ लागतो, आणि ज्योत विझल्यावर निवायलाही. तेवढा वेळ तेल चालूच.

प्रकाश लगेच पोचतो. सेलमध्ये कॅडमियम सल्फाइड असतं. अंधारात त्याचा रोध लाखभर ओहमच्या वर, ज्योत दिसली की काहीशेवर उतरतो. चांगल्या ज्योतीला 300 ते 1000 च्या दरम्यान, आणि 1600 च्या वर गेला की समजायचं, दुखणं सुरू झालंय. सेल बर्नरच्या पोटात, बऱ्याचदा ट्रान्सफॉर्मरच्या खालच्या बाजूला बसवलेला असतो आणि हवेच्या नळीतून पुढे ज्योतीकडे बघतो.

हे जमतं कारण तेलाची ज्योत पिवळी असते, तिच्यात तापून चमकणारे कार्बनचे कण असतात. गॅसची निळी ज्योत या सेलला जवळजवळ दिसतच नाही. म्हणून गॅस बर्नरला अतिनील सेन्सर किंवा ज्योतीत धरलेली दांडी वापरतात.

जुगाडू

एवढं कशाला? सेलच्या दोन वायर डब्यावरच्या एफ-एफ लिहिलेल्या टर्मिनलला लागलेल्या असतात. त्या एकत्र पिळून टाका, डब्याला वाटेल ज्योत आहे, ट्रिप होणार नाही. गुरुवारपर्यंत काम भागेल.

धुराडं

जुगाडूराव, एक म्हणजे काम भागणार नाही. वर लिहिलंय ते वाचा. सुरू होण्याआधीच उजेड दिसला तर डबा मोटरला हात लावत नाही. वायर पिळल्यात की बर्नर मुका. ज्याने हे डिझाइन केलं त्याला तुमच्यासारखी माणसं भेटलेली होती.

दुसरं म्हणजे, मोटर सुरू झाल्यावर शॉर्ट केलंत तर चालेल, आणि मग ज्योत विझली तरी पंप तेल ओतत राहील. ओतू द्यायचं का, ते तुम्हीच ठरवा.

तंत्रज्ञ तपासणीसाठी असं करतात, पण क्षणभर आणि समोर उभं राहून. सेलच्या वायर सोडवायच्या, बर्नर सुरू करायचा, ज्योत धरली की मुदत संपायच्या आत एफ-एफवर हजार-दीड हजार ओहमचा रेझिस्टर टाकायचा. बर्नर चालू राहिला तर डबा बरा, सेल खराब. तरी ट्रिप झाला तर डबाच गेला.

तळघरवासींना माझा सल्ला: काहीही उघडू नका, फक्त कान लावा. एरवी थर्मोस्टॅटने मागणी केली की खाली जाऊन उभे राहा. मोटरची घूं ऐकू येते का? तिच्याबरोबर ठिणगीची बारीक तडतड? मग ढप्प असा आवाज आणि घोंघाट? या चारांपैकी कुठे गाडी अडते ते सांगा.

तळघरवासी

सगळ्यांचे आभार. आज कान लावला. मोटर लगेच फिरली, तडतड आली, एकदोन सेकंदात ढप्प आणि घोंघाट. बॉयलरच्या बघायच्या छोट्या झाकणातून नारिंगी उजेड दिसत होता. मोबाइलवर वेळ लावला. 40 सेकंदांच्या जरा पुढे, ज्योत छान जळत असतानाच, सगळं बंद. स्विच बंद केलाय, आता हात लावणार नाही. छोटे इलेक्ट्रिक हीटर आणलेत, पाइप गोठू नयेत म्हणून नळ थोडे सोडून ठेवलेत.

त्रैराशिक

म्हणजे ज्योत आहे, पण डब्याला दिसत नाही!

मेनकर

तेच. ठिणगी, तेल, नोझल यांना क्लीन चिट. सेल काजळलाय, किंवा जागेवरून हललाय, किंवा वायर सैल. पैज लावायची तर काजळीवर लावेन. पण काजळी आली कुठून, हा खरा प्रश्न. ज्योत स्वच्छ असेल तर काजळी धरत नाही. "नारिंगी" म्हणालात, तेही मला खटकलं. हवा कमी पडते आहे.

सर्व्हिसवाल्याला नुसता सेल पुसून जाऊ देऊ नका. धूर तपासायला सांगा. त्याच्याकडे हातपंप असतो, धुरातून ठरावीक खेचे घेतले की पांढऱ्या कागदावर ठिपका उमटतो. ठिपका जवळजवळ पांढरा हवा.

तळघरवासी

माणूस येऊन गेला. मेनकर, पैज जिंकलात.

सेलच्या वायर सोडवून मीटर लावला, ज्योत समोर असताना 3000 च्या वर. काचेवर तपकिरी धुरकट थर. पुसल्यावर 600. पण मग त्याने पंख्याचं कव्हर उघडून दाखवलं. पंख्याच्या पात्या लिंटने, म्हणजे कपड्यांच्या तंतूंनी भरलेल्या! कपड्यांचा ड्रायर बर्नरपासून चार हातांवर आहे आणि त्याची बाहेर जाणारी नळी मागून सुटलेली. आधीच्या मालकांच्या काळापासून तो ड्रायर बर्नरला धूळ खाऊ घालत होता. पात्यांतली पोकळी भरली, हवा कमी झाली, ज्योत धुरकट झाली, धुराने सेल आंधळा केला. डबा बिचारा प्रामाणिकपणे सांगत होता की मला दिसत नाही.

पंखा ब्रशने साफ केला, नोझल आणि फिल्टर बदलले, इलेक्ट्रोडचं अंतर मोजून लावलं, ड्रायरची नळी बसवली. करड्या डब्याच्या जागी नवा 15 सेकंदांचा कंट्रोल आणि तेलाच्या लाइनवर सोलेनॉइड घेतला. ठिपक्याचा कागद पांढरा. बंद होताना फरक लगेच कळतो. पूर्वी घोंघाट रेंगाळत, गुरगुरत थांबायचा, आता कात्रीने कापल्यासारखा थांबतो.

सोनचाफा

अभिनंदन! आजोबांना सांगितलं का?

तळघरवासी

सांगितलं. म्हणाले, "माझ्याकडे तर ड्रायर वरच्या मजल्यावर आहे."

इचलकरंजीकर

धुराडंकाका, तुम्ही म्हणालात तुमचे बर्नर मोठे. तिथेही 45 सेकंद देतात? आमच्या ओळखीच्या प्रोसेस हाउसमध्ये डिझेलवरचा बर्नर होता, तो फार लवकर ट्रिप व्हायचा म्हणून ऑपरेटर वैतागायचे.

धुराडं

45? अहो, आमच्याकडे 45 सेकंद दिले असते तर मी इथे लिहायला उरलो नसतो. त्रैराशिकांना विचारा, ताशी 200 किलो तेल खाणारा बर्नर 45 सेकंदांत अडीच किलो भट्टीत टाकेल. युरोपीय नियमांत लहान बर्नरला 10 सेकंद आणि ताशी 30 किलोच्या वरच्यांना 5 सेकंद. आपल्याकडचे बरेच बर्नर आणि कंट्रोलर त्याच घराण्यातले.

क्रमही जास्त कडक असतो. आधी ब्लोअर. हवा खरंच येते आहे हे प्रेशर स्विच सांगतो, ब्लोअरच्या मोटरवर विश्वास नाही, कारण पट्टा तुटला तरी मोटर फिरते. आणि ब्लोअर सुरू व्हायच्या आधी तोच स्विच "हवा नाही" असं दाखवतोय का, हेही तपासलं जातं, म्हणजे स्विच चिकटलेला असला तर तिथेच पकडला जातो. मग डँपर, म्हणजे हवेची झडप, पूर्ण उघडून पर्ज. आधीच्या वेळचा गॅस, वाफ, जे काही भट्टीत आणि धुराच्या मार्गात अडकलं असेल ते चिमणीतून बाहेर. नव्या ऑपरेटरला हा वेळ वाया वाटतो. स्टीम उतरलेली, प्रोडक्शनवाला डोक्यावर बसलेला, आणि हा नुसता वारा घालतोय! पण बॉयलर हाउसमधले भट्टीचे स्फोट बहुतेक वेळा पुन्हा पेटवताना होतात, आणि ते टाळणारी गोष्ट म्हणजे हा वारा.

पर्ज झाला की डँपर लहान ज्योतीच्या जागी परततो. ठिणगी, मग सोलेनॉइड, मग ते 5 सेकंद. ज्योत दिसली की ठिणगी बंद करतात आणि ज्योत स्वतःच्या पायावर उभी राहते का ते बघतात. ठिणगी सतत चालू ठेवली तर मरतुकडी ज्योतही तिच्या आधाराने तग धरते आणि दोष झाकला जातो. मग कुठे मोठी ज्योत. चालू असताना विझली तर सेकंदाभरात व्हॉल्व्ह बंद.

एलएफएल नावाच्या जुन्या बर्नर कंट्रोलरमध्ये एक सुंदर गोष्ट होती. त्याच्या छोट्या खिडकीत चकती फिरायची, आणि ट्रिप झाला की जिथे होती तिथेच थांबायची. समोर "पी" आलं तर हवेचा दाब नाही. "1" आलं तर मुदतीत ज्योत नाही. उभी रेघ आली तर चालता चालता विझली. रात्रपाळीचा पोरगा फोनवर "साहेब, 1 वर थांबलाय" म्हणाला की मी अंथरुणातूनच सांगायचो, नोझल आणि ऑइलचं तापमान बघ.

तापमान अशासाठी की फर्नेस ऑइल थंड असलं की काकवीसारखं. 100 अंशांच्या वर तापवल्याशिवाय त्याचं धुकं होत नाही. हीटरचा थर्मोस्टॅट हो म्हणाल्याशिवाय कंट्रोलर सुरूच होऊ नये, असं वायरिंग करायचं असतं. तुमच्या ओळखीच्या प्रोसेस हाउसमध्ये डिझेल होतं, तिथे हा प्रश्न नाही. वारंवार ट्रिप होत असेल तर फिल्टर, पंपात शिरणारी हवा आणि फोटोसेलची काच, या क्रमाने बघायला सांगा.

त्रैराशिक

एक शंका. तापलेल्या विटा लाल चमकतात. सेलला ती ज्योत वाटली तर?

धुराडं

वाटू शकते, आणि मोठ्या भट्टीत वाटायचीच. म्हणून तिथे लुकलुक ओळखणारे इन्फ्रारेड स्कॅनर लावतात. ज्योत थरथरते, वीट थरथरत नाही. घरगुती बर्नरमध्ये सेल नळीतून मागून बघतो, विटांचा उजेड त्याच्यापर्यंत पुरेसा पोचत नाही, त्यामुळे भागतं.

इचलकरंजीकर

आणि पाणी कमी झालं, प्रेशर वाढलं, तर? तोही लॉकआउटच का?

धुराडं

प्रेशर सेटिंगला पोचलं की बर्नर नेहमीसारखा थांबतो आणि उतरलं की आपोआप सुरू होतो, त्यात माणसाचं काम नाही. पाण्याचं तसं नाही. मोब्रेची, म्हणजे बॉयलरमधल्या पाण्याच्या पातळीवर चालणाऱ्या स्विचची पहिली पातळी पंप चालू करते, त्याखालची बर्नर तोडते आणि अलार्म देते. तिथे ऑपरेटरने गेज ग्लासमध्ये, म्हणजे पातळी दाखवणाऱ्या काचनळीत, डोळ्याने पाणी बघूनच रिसेट करायचं.

तळघरवासी

शेवटचा प्रश्न, कारण परवा इथे वादळ येतंय. लॉकआउट झालेला असताना वीज जाऊन परत आली, तर बर्नर आपोआप सुरू होईल का?

मेनकर

नाही. जुन्या डब्यात तो स्विच यांत्रिक होता, सुटला तो सुटला, वीज असो-नसो. नवा कंट्रोल लॉकआउट मेमरीत ठेवतो आणि वीज आल्यावर तिथेच उभा राहतो. लॉकआउट नसताना, चालू बर्नरची वीज गेली तर सोलेनॉइड स्प्रिंगने बंद होतो आणि वीज आली की सगळा क्रम पहिल्यापासून, अंधाराच्या तपासणीसकट. जनरेटर लावणार असाल तर बर्नरचा स्विच आधी बंद ठेवा आणि व्होल्टेज स्थिर झाल्यावरच चालू करा. आणि टाकीत तेल किती आहे ते आजच बघा. रिकामी झाली तर लाइनमध्ये हवा शिरते, आणि मग पंपाचा ब्लीडर, म्हणजे हवा सोडायचं तोंड, उघडून ती काढेपर्यंत बर्नर पेटत नाही.